साडेनऊ फूट, पण कुठून कुठपर्यंत?

जुन्या लढाऊ जहाजांच्या तोफा कागदावर अचूक उतरवणाऱ्यांना सर्वांत जास्त छळणारा शब्द म्हणजे ‘लांबी’. ब्रिटिश आरमाराची लांब 32 पौंडी तोफ साडेनऊ फुटी, हे बहुतेक तक्त्यांत सापडते. प्रश्न मोजायला सुरुवात कुठून करायची, हा आहे.

सोळाव्या-सतराव्या शतकासाठी तक्ते फारसे कामाचे नाहीत. तोफ काढण्यासाठी मातीचा साचा फोडावा लागे, त्यामुळे प्रत्येक तोफ थोडी वेगळी निघे. त्या काळची तोफ काढायची तर तीच तोफ मोजावी लागते. अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये अधिकृत मापे ठरत गेली आणि लांबीचा अर्थही पक्का झाला: बुडाकडच्या जाड कड्याच्या मागच्या धारेपासून तोंडापर्यंत. कड्यामागची गुंडी त्यात धरत नसत.

यामागे ओताऱ्यांचे गणित होते. याच लांबीचे सात भाग करून बाकीची मापे काढत. गाड्यावर तोफ टेकते ते दोन्ही बाजूंचे आडवे खुंट मागच्या कड्यापासून साधारण 3/7 अंतरावर येत. म्हणजे लांबी चुकली की सगळेच चुकले. माझ्या पहिल्या आरेखनात मी गुंडीसकट साडेनऊ फूट धरले होते. 1:64 प्रमाणात नळी कड्यापासून तोंडापर्यंत सव्वापंचेचाळीस मिलिमीटर हवी होती, ती आखूड झाली. खुंट मागच्या कड्याच्या जवळ सरकले आणि तोफ जहाजाच्या खिडकीतून हवी तेवढी बाहेर येईना. अलीकडचे काही तक्ते गुंडीसकट लांबी देतात आणि तसे सांगतही नाहीत. असे तक्ते सरळ बाजूला ठेवावेत, या मतावर मी ठाम आहे.

‘पौंडी’ हे तर मापच नाही, ते गोळ्याचे वजन. 32 पौंडी लोखंडी गोळ्याचा व्यास सुमारे 6.1 इंच आणि नळीचा आतला व्यास 6.41. गोळा सहज आत जावा म्हणून नळी गोळ्याच्या 21/20 पट ठेवत. फ्रेंच पौंड इंग्रजी पौंडापेक्षा जड होता, त्यामुळे फ्रेंच 36 पौंडी गोळा इंग्रजी वजनात जवळजवळ 39 पौंडांचा भरतो. फ्रेंच फूटही 324.8 मिलिमीटरचा, इंग्रजी फुटाहून वीस मिलिमीटरने मोठा.

1780 च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये तोफांचा नवा, ब्लोमफील्ड नमुना आला. गुंडीच्या वर दोर ओवायचे कडे, ही त्याची खूण. मात्र नमुना बदलला म्हणून जहाजांवरच्या तोफा लगेच बदलल्या नाहीत. 1794 च्या जहाजावर सगळ्या तोफांना ते कडे दाखवणे धोक्याचे आहे. 1830 च्या दशकात तर जुन्या 24 पौंडी तोफांच्या नळ्या आतून कोरून 32 पौंडी करण्यात आल्या, कारण सगळ्या जहाजावर एकाच मापाचा गोळा हवा होता. अशा तोफेची बाहेरची मापे एका तक्त्यातली आणि आतला व्यास दुसऱ्यातला.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चाकांच्या गाड्यांवर दोन इंग्रजी तोफा आहेत. त्यांवर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचे नाव आहे. अशा उघड्यावरच्या तोफांवर रंगाचे थर चढतात, खाऱ्या हवेत लोखंडाचे पापुद्रे सुटतात. आता फोटोंवरून त्रिमितीय प्रतिकृती करणे सोपे झाले आहे, पण त्यात तोफेचा आजचा पृष्ठभाग मिळतो, ओतली तेव्हाचा नव्हे.

म्हणून मी वजनाचा आधार घेतो. ब्रिटिश तोफांवर तीन आकडे कोरलेले असतात: हंड्रेडवेट (112 पौंड), त्याचे पाव भाग आणि पौंड. 55-2-0 म्हणजे 6,216 पौंड, सुमारे 2,820 किलो. बिडाची घनता 7.2 धरली तर आरेखनातल्या तोफेचे घनफळ, नळीची पोकळी वजा करून, 0.39 घनमीटरच्या आसपास यायला हवे. त्यात मोठी तफावत आली की मी सर्वांत आधी लांबीच पुन्हा तपासतो.