गच्चीवरच्या दोरीची हद्द

आमच्या बेळगावातल्या टिळकवाडीच्या अपार्टमेंटमध्ये मीटिंग भरली की पार्किंगनंतर आवाज चढतो तो धुण्यावरून. वरच्या चादरीचं पाणी खालच्यांच्या सांडग्यांवर ठिबकतं, वाळलेले कपडे दोन-दोन दिवस दोरीवरच राहतात, गच्चीची किल्ली एकाच घरात असते. महाराष्ट्रानं सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात नेला २००४ साली. आमच्या दोरीच्या हद्दीचा वाद त्याहून जुना आहे. शेजारधर्म राहिला नाही, असं थोरली माणसं म्हणतात. मला ते पटत नाही. धुण्याची जागाच घरातून गेली, भांडण तिथनं आलं.

शहापूर, वडगाव, अनगोळच्या जुन्या घरांमागं परसू असायचं. आड, आडाशेजारी धुण्याचा दगड, सांडपाणी केळीला नि अळवाला. रेशमी कापडाला रिठे, मोठं धुणं परटाकडं. सोवळ्याची दांडी छताला टांगलेली. लुगडं काठीनंच वर चढवायचं, कुणाचा हात लागायचा नाही. म्हणजे कापडाला कापड लागू नये हा तंटा तेव्हाही होताच, पण घरातल्या घरात. त्यात सुनांचं काय व्हायचं, ते कुणी लिहून ठेवलं नाही.

हे गाव विहिरींवर जगलेलं. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाला माणसं येणार म्हणून टिळकवाडीत खास विहीर खोदली, ती आजही काँग्रेस विहीर म्हणूनच ओळखतात. पुढं राकसकोप जलाशयाचं, मग हिडकल धरणाचं पाणी नळाला आलं आणि आड मागं पडले. २००८ मध्ये काही वॉर्डांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग सुरू झाला. बाकीच्यांना मात्र नळ येण्याची वाट बघणं सुटलं नाही. पाणी आलं की सगळ्या मशिनी एकदम सुरू आणि टाकी तळाला. मग बोअर. बोअरच्या जड पाण्यातल्या क्षारांनी साबणाला फेस येत नाही, टॉवेल पापडासारखे कडक होतात.

परसवाची घरं पाडून फ्लॅट झाले. नकाशात पार्किंग आलं, लिफ्ट आली, दोरीला जागा कुणी ठेवली नाही. कर्नाटकच्या १९७२ च्या अपार्टमेंट मालकी कायद्यात इमारतीचं छत सामायिक भागात मोडतं. गच्ची सगळ्यांची, म्हणून दोरीही सगळ्यांची, म्हणून कुणाचीच नाही.

त्यात सह्याद्रीच्या कुशीतला पाऊस. जूनपासून झिमझिम सुरू झाली की चार-चार दिवस ऊन नाही. आजी शेगडीवर बुट्टी पालथी घालून बाळाची दुपटी वाळवायची. धुराचा वास यायचा, पण कुबट नाही. आता बेडरूममध्ये दोरी बांधून रात्रभर पंखा. श्रावणात तासभर ऊन पडलं की जिन्यात बादल्यांची गर्दी होते, आणि किल्लीवाल्या काकू नेमक्या कपिलेश्वराला गेलेल्या असतात.