दोन ठोक्यांमधले ७५ मिलिसेकंद

वेगवान मेटलचे ड्रम रेकॉर्ड करताना पहिली अडचण किक ड्रमची, म्हणजे पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमची. मेटलच्या गाण्यात २०० बीपीएमवर (मिनिटाला २०० बीट) डबल बास, म्हणजे दोन्ही पायांनी किक वाजवणं, सुरू झाला, एका बीटला चार ठोके, की त्यावर सेकंदाला तेराहून जास्त ठोके पडतात. दोन ठोक्यांमध्ये उरतात ७५ मिलिसेकंद. किकचा मूळ स्वर ६० हर्ट्झच्या आसपास धरला, तर त्याच्या एका आवर्तनालाच जवळपास १७ मिलिसेकंद लागतात. म्हणजे पुढचा ठोका येईपर्यंत जेमतेम साडेचार आवर्तनं होतात. तोच ड्रम ३०० मिलिसेकंद घुमत राहिला, तर चार ठोके एकमेकांत मिसळून सलग घरघर ऐकू येते. नवखे लोक ती मिक्सिंगमध्ये इक्वलायझरने काढू पाहतात. तिथे ती नीट निघत नाही. ही वेळेतली गर्दी आहे आणि तिचा बंदोबस्त ड्रमवरच करावा लागतो.

किकच्या आत उशी किंवा घडी घातलेली चादर अशी ठेवा, की ती दोन्ही हेडना (ड्रमच्या ताणलेल्या पडद्यांना) जेमतेम टेकेल. बीटर, म्हणजे पेडलचा ठोकणारा दांडा, लाकडी किंवा कडक प्लास्टिकच्या टोकाचा घ्या, कारण मऊ फेल्टने आघाताची धार जाते. पुढच्या हेडच्या भोकातून माइक आत सरकवून बीटर आपटतो त्या जागेपासून ८–१० सेंटिमीटरवर आणा. तिथे ३ ते ६ किलोहर्ट्झमधला ‘टक’ मिळतो, आणि गिटारींच्या गदारोळात कानाला ठोके सुटे ऐकू येतात ते त्याच्याच जोरावर. स्नेअर (खाली तारा असलेला, कडक वाजणारा ड्रम) आणि टॉमची (बाकीच्या घुमणाऱ्या ड्रमची) वरची हेड नवी घाला. महागड्या माइकपेक्षा हा खर्च आधी करावा. प्रत्येक बोल्टसमोर, कडेपासून दोन-तीन सेंटिमीटरवर काठीने हलकेच टकटक करून सगळीकडचा स्वर सारखा करा.

माइकचे सिग्नल कॉम्प्युटरमध्ये नेणारा आठ चॅनेलचा इंटरफेस सुरुवातीला पुरतो: किक १, स्नेअर वरून आणि खालून मिळून २, टॉम ३, ओव्हरहेड (किटच्या वर टांगलेले माइक) २. ओव्हरहेडला कंडेन्सर माइक लावले, तर त्यांना लागणारा ४८ व्होल्टचा वीजपुरवठा, म्हणजे फँटम पॉवर, इंटरफेसवर सुरू करायला विसरू नका.

खरी गफलत होते ती अंतरात. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. डावा ओव्हरहेड स्नेअरपासून १०० सेंटिमीटरवर आणि उजवा १३४ वर असेल, तर एकच ठोका दोघांकडे एक मिलिसेकंदाच्या फरकाने पोचतो. दोन्ही ट्रॅक सारख्या पातळीवर एकत्र केले, की ५०० हर्ट्झला लाटा एकमेकींना खोडतात, तसंच १५०० आणि २५०० लाही. स्नेअर पोकळ वाटायला लागतो. उपाय एका दोरीचा आहे. स्नेअरच्या मध्यापासून दोन्ही ओव्हरहेडपर्यंतचं अंतर दोरीने मोजून सारखं करा. स्नेअरखालच्या माइकची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) मात्र उलटी करावी लागते, कारण ठोक्याबरोबर वरचं हेड वरच्या माइकपासून दूर जातं आणि खालचं हेड खालच्या माइककडे येतं. पोलॅरिटीचं बटण दाबून पाहा; ज्या स्थितीत स्नेअरचा खालचा स्वर भरीव वाटेल, ती बरोबर.

यानंतरचा त्रास झांजांचा. ब्लास्ट बीटमध्ये, म्हणजे अतिवेगवान सलग ठोक्यांत, स्नेअरचे ठोके हलके होतात आणि हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) स्नेअरच्या माइकमध्ये घुसतो. मग ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा नॉइज गेट झांजेनेही उघडतो, किंवा हलके ठोके गिळतो. शुअर एसएम५७ सारखा कार्डिऑइड माइक मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकतो, म्हणून त्याची पाठ हाय-हॅटकडे करा. झांजा वादकाला सोसतील तेवढ्या उंच करा. वादकाने ड्रम जोरात आणि झांजा हलक्या हाताने वाजवल्या, तर अर्धं काम तिथेच होतं. ही सवय सरावातच लागायला हवी. शक्य असेल तर स्नेअर आणि किकला पिझो ट्रिगर लावा. तो रिमला चिकटून हेडची थरथर टिपतो, हवेतला आवाज त्याला फारसा कळत नाही. त्याचा सिग्नल गेटला किल्ली म्हणून दिला, की झांजेने गेट उघडत नाही.

ध्वनिमुद्रण २४ बिटवर करा आणि सर्वांत जोराचा ठोका उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास ठेवा. गेन (माइकचा आवाज वाढवण्याचं प्रमाण) लावताना गाण्यातला सर्वांत दणकेबाज भाग वाजवून घ्या, कारण चाचणीत हात आवरून वाजवणारा वादक टेकमध्ये जोर चढवतो आणि तेव्हा क्लिपिंग झालं, म्हणजे पातळी ओलांडून आवाज फाटला, तर तो ठोका परत मिळत नाही. क्लिकसाठी (वादकाला ताल देणाऱ्या टिकटिकीसाठी) कान झाकणारे बंद हेडफोन वापरा, नाहीतर गाण्याच्या शांत भागात ओव्हरहेडमध्ये टिकटिक उतरते.

किट हलवण्याआधी, माइक आणि गेन जसेच्या तसे ठेवून, प्रत्येक ड्रमचे आठ-दहा सुटे ठोके रेकॉर्ड करा, हलके आणि जोराचे दोन्ही, प्रत्येक ठोका पूर्ण विरेपर्यंत. वेगवान भागात पाय थकून किक दबली, तर तिथे याच किटचा ठोका खाली जोडता येतो. आणि एडिटिंगमध्ये ठोका पुढे-मागे सरकवायचा असेल तेव्हा आठही ट्रॅक एका ग्रुपमध्ये एकत्रच कापा. एकटा स्नेअर सरकवलात, तर ओव्हरहेडमधला स्नेअर मागेच राहतो आणि दोरीने जुळवलेलं अंतर पुन्हा बिघडतं.