वाळवंटातलं स्कीइंग

स्वालबार्डच्या आलिशान स्की-सहलींची माहितीपत्रकं वाचायला मजा येते. उबदार केबिनचं जहाज, डेकवर सॉना, रात्री शेफच्या हातचं मासळीचं जेवण. सकाळी रबरी बोटीतून किनाऱ्यावर उतरायचं, डोंगर चढायचा आणि शिखरावरून थेट समुद्रापर्यंत घसरत यायचं. त्यातल्या चैनीचं मला फारसं अप्रूप नाही. पण सहल एप्रिल-मेमध्येच का, मुक्काम जहाजावरच का, आणि एवढे पैसे भरूनही प्रत्येकाच्या पाठीवर फावडं कशाला, याची उत्तरं शोधायला गेलं की माहितीपत्रक बाजूला राहतं आणि भौतिकशास्त्र सुरू होतं.

स्वालबार्ड हा नॉर्वेचा द्वीपसमूह. त्यातलं मुख्य गाव लाँगइयरब्येन ७८ अंश उत्तरेला आहे, वस्ती साधारण अडीच हजार. ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत इथे सूर्य उगवतच नाही. पुढेही डोंगर आड येत असल्यामुळे गावात ऊन पोचायला ८ मार्च उजाडतो. त्या दिवशी जुन्या इस्पितळाच्या उरलेल्या पायऱ्यांपाशी सारा गाव सूर्याची वाट बघत जमतो. एप्रिलच्या विशीत मात्र सूर्य मावळायचाच बंद होतो, तो थेट ऑगस्टपर्यंत. म्हणजे उजेड भरपूर, पण वितळण अजून सुरू झालेली नाही, असे जेमतेम काही आठवडे हाती लागतात. आणखी एक गंमत अशी की मध्यरात्री सूर्य उत्तरेला असतो. त्यामुळे दक्षिणेकडचा उतार दुपारी उन्हात, तर उत्तरेकडचा रात्री बाराला. कुठला उतार कधी मऊ पडेल आणि कधी कडक होईल, हे गाइड त्यावरून ठरवतात.

जहाजाचं श्रेय समुद्राला. अटलांटिकचं कोमट पाणी उत्तरेकडे सरकत स्वालबार्डच्या पश्चिम किनाऱ्यालगत येतं. म्हणून याच अक्षांशावरचा ग्रीनलँडचा पूर्व किनारा बर्फाने जखडलेला असताना इथे छोटं जहाज एप्रिलमध्ये फियॉर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये घुसलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्याच्या, आत शिरू शकतं. हेलिकॉप्टरने थेट शिखरावर का नेत नाहीत, याचं कारण मात्र कायद्यात आहे: पर्यटकांसाठी ते रानात उतरवायला इथे मनाई आहे. पैसेवाल्यालाही डोंगर पायीच चढावा लागतो, हे मला व्यक्तिशः फार आवडतं.

चढताना स्कीच्या तळाला ‘स्किन’ चिकटवतात. पूर्वी ते सीलचं कातडं असे, आता मोहेर (अंगोरा शेळीची लोकर) किंवा नायलॉनचा पट्टा. त्यावरची लव मागच्या बाजूला झुकलेली असते. स्की पुढे ढकलली की लव आडवी पडते, मागे घसरू लागली की उभी राहून बर्फात रुतते. माथ्यावर पोचलं की पट्टे ओढून काढायचे आणि घडी घालून जाकिटाच्या आत ठेवायचे, नाहीतर थंडीने त्यांचा डिंक निकामी होतो.

मग घसरण. स्कीच्या दाबाने बर्फ वितळतो आणि त्या पाण्यावरून ती सरकते, असं कित्येक पुस्तकांत अजूनही छापलेलं असतं. हिशेब करून बघा. सामानासकट ८० किलोचा माणूस, दोन्ही स्कींचं मिळून क्षेत्रफळ साधारण एक तृतीयांश चौरस मीटर. दाब वातावरणाच्या दाबाच्या चाळिसाव्या भागाएवढा. एवढ्याने बर्फाचा वितळणबिंदू एका अंशाच्या हजाराव्या भागानेही खाली येत नाही. बाहेर उणे १५ असताना त्याचा काय उपयोग? १९३९ मध्ये बाऊडेन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी प्रयोगांच्या आधारे दाखवलं की घर्षणातून निर्माण होणारी उष्णता जास्त महत्त्वाची. त्याच्याही आधी, १८५० मध्ये, फॅरडेने सुचवलं होतं की बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा पातळ थर मुळातच असतो. वरच्या रेणूंना चहूबाजूंनी शेजारी नसल्यामुळे ते सैल असतात. कडाक्याच्या थंडीत हे रेणूही जखडतात, घर्षण वाढतं आणि स्की अडखळायला लागते. अलीकडच्या मोजमापांत घर्षण सर्वांत कमी आढळतं ते उणे सातच्या आसपास.

आता फावड्याकडे येऊ. खरा विषय तोच आहे.

लाँगइयरब्येनला वर्षाकाठी पाऊस आणि हिम मिळून जेमतेम २०० मिलिमीटर पडतं. हिशेबाने हे वाळवंट. हिमाचा थर पातळ, आणि पातळ थर जास्त धोक्याचा, हे ऐकायला उलटं वाटतं. समजा थर अर्ध्या मीटरचा आहे. तळाशी जमिनीपाशी उणे १० आणि वर हवेत उणे २५. म्हणजे अर्ध्या मीटरात १५ अंशांचा फरक, मीटरमागे ३०. हा फरक मीटरमागे दहाएक अंशांच्या वर गेला की तळच्या कणांतून वाफ निघते आणि वरच्या गार कणांवर जाऊन बसते. गोलसर, एकमेकांना धरून असलेले कण हळूहळू कोरदार, सुटे होतात. गाइड उतारावर खड्डा खणतो, तळातून ओंजळभर हिम काढून हातात धरतो, तेव्हा ते जाड्या साखरेसारखं बोटांतून गळतं. याच थराचा शेजारचा भाग त्याच्या पायाखाली असतो.

त्यावर वारा आपलं काम करतो. झाडं नाहीत, आडोसा नाही. वारा एका बाजूचं हिम उचलून दुसऱ्या बाजूला घट्ट थापतो. खाली सुटे दाणे, वर कडक लादी. माणसाच्या वजनाने खालचा थर बसला की ‘हुम्फ’ असा दबका आवाज येतो आणि उतार ३० ते ४५ अंशांचा असेल तर अख्खी लादी सुटते, म्हणजेच हिमस्खलन होतं. गाडल्या गेलेल्यांना पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर बहुतेक वाचतात, अर्ध्या तासाने फार थोडे. बचावपथक हेलिकॉप्टरने यायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून प्रत्येकाच्या छातीशी ४५७ किलोहर्ट्झवर संदेश सोडणारं यंत्र आणि पाठीवर हिमात खुपसून गाडलेला माणूस शोधायची सळई व फावडं. सोबतचाच तुम्हाला काढणार, दुसरं कोणी नाही.

धोका फक्त स्कीवाल्यांनाच नाही. १९ डिसेंबर २०१५ ला, रात्रभराच्या वादळानंतर, गावालगतच्या सुकरटोपेन डोंगराच्या उतारावरचं हिम सुटलं आणि ११ घरं जागची हलली. दोघांचा जीव गेला, त्यात एक चिमुकली होती.

आणि आता यात पाऊस आलाय, भर हिवाळ्यात. १९७१ ते २०१७ या काळात इथलं सरासरी तापमान ३ ते ५ अंशांनी वाढलं. २०२५ च्या फेब्रुवारीत न्यू-ऑलेसुंद या स्वालबार्डवरच्या संशोधकांच्या वस्तीत पाऊस पडून डबकी साचली. हिमावर पडलेला पाऊस गोठून काचेसारखा थर बनतो. रेनडियरना तो फोडून खालचं शेवाळ खाता येत नाही, आणि पुढच्या हिमाला धरायला तो खडबडीत पृष्ठभाग देत नाही.

त्याच न्यू-ऑलेसुंदमध्ये २००८ पासून भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र आहे. ते गोव्यातली, वास्कोची राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था चालवते. स्वालबार्डवर आपल्याला बूड टेकवायला मिळालं ते १९२० च्या करारामुळे. भारत त्यात आहे. (त्या करारामुळे द्वीपांवर व्हिसा लागत नाही, पण वाट ओस्लोवरून, त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतोच, तोही दोनदा प्रवेश देणारा.) शेजारच्या काँग्सफियॉर्डमध्ये २०१४ साली ‘इंडआर्क’ ही वेधशाळा पाण्याखाली सोडली. वेगवेगळ्या खोलीवरचं तापमान आणि क्षारता ती नोंदवते. सहलीच्या जहाजाला वाट मोकळी करून देणारं अटलांटिकचं पाणी फियॉर्डमध्ये कधी आणि किती शिरतं, हे त्या नोंदींतून कळतं.