पोखरणाऱ्या अळीचा पहिला घास

पणजीहून मडगावला जाताना जुवारीच्या पुलाअलीकडे आगशी लागते. काप करायला आगशीच्या मोठ्या वांग्यांचं नाव साऱ्या गोव्यात आहे, आणि आता त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. वांग्याच्या मळ्यात पाण्याची ओढ नसतानाही एखादा कोवळा शेंडा मान टाकून बसलेला दिसला, तर तो मोडून उभा चिरून पाहावा. आत पोकळी, ओलसर विष्ठा आणि टोकाला फिकट गुलाबी अळी सापडते. ही शेंडा व फळ पोखरणारी अळी. फळं धरली की ती फळात शिरते आणि आत शिरलेल्या भोकाला विष्ठेचंच बूच बसतं.

अंड्यातून बाहेर आल्यावर काही तासांतच ती आत गेलेली असते, आणि एकदा आत गेली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. तेवढी वेळ साधण्यासाठी शेतकरी पुन्हा पुन्हा फवारतो. सगळ्या भारतात वांग्यावर कीटकनाशकांचा मारा होतो तो मुख्यतः या एका अळीपायी. विष झाडाच्या आतच असावं, ही कल्पना इथे किती कामाची आहे ते लगेच ध्यानात येतं.

हे विष ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’, थोडक्यात ‘बीटी’, नावाच्या जिवाणूकडून घेतलं आहे. १९०१ साली जपानमध्ये इशिवाता यांना तो मरणाऱ्या रेशीमकिड्यांत सापडला. पुढे १९११ मध्ये जर्मनीत बर्लिनर यांनी पिठातल्या पतंगाच्या अळ्यांतून तो वेगळा करून त्याला थुरिंजिया प्रांताचं नाव दिलं. हा जिवाणू प्रथिनांचे स्फटिक बनवतो. अळीचं आतडं अल्कधर्मी असतं. तिथे स्फटिक विरघळतो, अळीचेच पाचकरस त्याला कापून जागं करतात, आणि मग ते प्रथिन आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक जागी चिकटून पेशीला भोकं पाडतं. अळी खाणं थांबवते आणि दोन-तीन दिवसांत मरते. आपलं जठर आम्लधर्मी आहे आणि ती चिकटण्याची जागा आपल्या आतड्यात नाही, म्हणून हे विष अळीला लागतं तसं आपल्याला लागत नाही. सेंद्रिय शेतीतसुद्धा हा जिवाणू फवारतात, पण उन्हात त्याचा जोर काही दिवसांत ओसरतो. बीटी पिकात त्या प्रथिनाचं जनुकच झाडात घातलेलं असतं. त्यामुळे पहिल्याच घासाला अळी सापडते.

मग बीटी वांग्याचं अडतं कुठे? कापसाकडे बघा. भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि सुरुवातीची वर्षं बोंडअळीचा त्रास खरोखर घटला. पण २०१७ पर्यंत विदर्भात गुलाबी बोंडअळी बीटी बोंडांतच सुखाने वाढताना दिसू लागली. लाखोंत एखादी अळी जन्मतःच विषाला दाद न देणारी असते. सगळीकडे बीटीच असेल, तर फक्त अशाच अळ्या जगतात आणि त्यांचे पतंग आपापसांतच जुळतात. शेजारी साध्या कापसाच्या ओळी असल्या, तर तिथले पतंग त्यांच्याशी जुळतात आणि पुढची पिढी बहुधा बीटीवर मरते. म्हणून अशा ओळी लावायचा नियम होता. आपल्याकडे तो बहुतेकांनी पाळला नाही. अमेरिकेत तीच अळी, तेच प्रथिन. तिथे साध्या कापसाची जागा राखली गेली, पुढे नपुंसक केलेले पतंगही सोडले, आणि २०१८ मध्ये ही अळी देशातून हटल्याची घोषणा झाली.

वांग्याची अळीही गुलाबी बोंडअळीसारखीच जवळजवळ एकाच पिकावर जगते, म्हणून मला हा धडा महत्त्वाचा वाटतो. बीटी वांग्याला २००९ मध्ये तज्ज्ञ समितीने मान्यता दिली होती. फेब्रुवारी २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. बांगलादेशात ते २०१४ पासून शेतात आहे, आणि तिथे सरळ (संकरित नसलेलं) वाण असल्याने शेतकऱ्याला घरचं बी धरता येतं. आपल्याकडे ते कधी आलंच, तर आगशीसारखी गावठी वांगी शेजारी टिकणं ही बीटीचीच गरज असेल. मात्र मधमाश्यांमुळे वांग्यात एका झाडाचे पराग थोडेफार दुसऱ्या झाडावर जातात, तेव्हा आगशीचं बी शुद्ध ठेवायला अंतरही राखावं लागेल. या दोन गोष्टींचा मेळ घालणारा आराखडा आधी हवा, बियाणं नंतर.

आणि गोव्यात वांग्याचं दुखणं एकच नाही. इथे जिवाणूजन्य मर रोग उभं झाड वाळवतो. त्यावर बीटीचा काडीचा उपयोग नाही. जुन्या गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने मर सोसणारे वाण साध्या निवडीतून तयार केले आहेत.

अळीसाठी आजही करता येण्यासारखं बरंच आहे. मान टाकलेले शेंडे दर आठवड्याला खुडून जाळावेत, किडकी फळं बांधावर न टाकता नष्ट करावीत, नर पतंगांसाठी कामगंध सापळे लावावेत आणि वांग्यावर पुन्हा वांगं घेऊ नये. एकट्याने केलं तर शेजारच्या मळ्यातून पतंग येतातच. सगळ्या वाड्याने, म्हणजे वस्तीने, मिळून केलं तर फरक दिसतो.