अतिसंवाहकाची तार कशी घडली

ठाण्यातल्या किंवा वाशी-नेरूळच्या एखाद्या एमआरआय केंद्रात नंबर लागायची वाट बघत बसला असाल, तर आतून येणारी एक ठरावीक तालातली टक्-टक् ऐकली असेल. तपासणी चालू असतानाचा दणदणाट वेगळा. हा आवाज मशीन रिकामं असतानाही, रात्रीबेरात्री चालूच असतो, कारण तो शीतयंत्राचा आहे. आतल्या वेटोळ्यांमध्ये नायोबियम-टायटॅनियमची तार द्रवरूप हेलियमच्या थंडीत, उणे २६९ अंश सेल्सिअसला ठेवलेली असते. त्या तारेत एकदा सोडलेला वीजप्रवाह बाहेरची वीज न घेता वर्षानुवर्षं फिरत राहतो. चुंबक कधीच ‘बंद’ नसतो, म्हणून किल्ल्या आणि पट्टा दाराबाहेर काढून ठेवायला लावतात.

सामान्य माणसाच्या इतक्या जवळ आलेला अतिसंवाहक, म्हणजे पुरेशा थंडीत विजेला अजिबात रोध न करणारा पदार्थ, जवळपास हा एकच, आणि त्याचं तंत्र १९६० च्या दशकातलं. त्यानंतर कितीतरी कमी थंडीत चालणारे पदार्थ सापडले. ते का आले नाहीत? अतिसंवाहकांचा इतिहास बहुधा तापमानाच्या विक्रमांचा म्हणून सांगितला जातो. माझ्या मते उपयोगाची खरी कहाणी तार ओढणाऱ्यांची आहे, आणि तिच्याकडे आपलं फार कमी लक्ष जातं.

१९११ साली हॉलंडमधल्या लायडन इथे हाइके कामरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत पाऱ्याचा विद्युतरोध ४.२ केल्व्हिनला, म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअसच्या जेमतेम चार अंश वर, एकाएकी नाहीसा झाला. यातून जबरदस्त चुंबक बनवता येतील हे ओनेस यांनी लगेच ओळखलं. पण शिशाच्या तारेचं वेटोळं एका टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं माप) दहाव्या हिश्शाइतकंही क्षेत्र सोसू शकलं नाही. तारेतला प्रवाह ज्या क्षेत्राला जन्म देत होता, तेच क्षेत्र तिची अतिसंवाहकता संपवत होतं. तापमान, चुंबकीय क्षेत्र आणि प्रवाह या तिन्ही मर्यादा एकाच वेळी सांभाळाव्या लागतात, हे तेव्हापासून कळू लागलं. पुढची जवळपास पन्नास वर्षं गाडी तिथेच अडली.

ती सुटली १९६१ मध्ये. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कुन्झलर आणि सहकाऱ्यांनी नायोबियम-टिनची तार ८.८ टेस्लाच्या क्षेत्रातही प्रचंड प्रवाह वाहून नेते असं दाखवलं. अशा पदार्थांत चुंबकीय क्षेत्र बारीक भोवऱ्यांच्या रूपात शिरतं. भोवरे सरकले की उष्णता निर्माण होते, म्हणून त्यांना जागच्या जागी खिळवून ठेवायचं असतं. त्यासाठी पदार्थ फार शुद्ध, निर्दोष असून चालत नाही. त्यात मुद्दाम दोष पेरावे लागतात. नायोबियम-टिन मात्र ठिसूळ. त्यामुळे बाजी मारली ती वाकणाऱ्या, ओढता येणाऱ्या नायोबियम-टायटॅनियमने. या मिश्रधातूच्या कांड्या तांब्याच्या नळकांड्यात भरायच्या, दाबून लांबवायच्या, साच्यांतून पुन्हा पुन्हा ओढायच्या आणि मध्ये मध्ये भट्टीत तापवायच्या. त्या तापण्यातून आत टायटॅनियमचे सूक्ष्म कण साठतात, आणि भोवरे अडवायचं काम तेच करतात. जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटर घेराच्या एलएचसी या सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात अशाच तारा आहेत. त्यांतला एकेक तंतू सुमारे ६ ते ७ मायक्रॉन जाडीचा असतो.

मग १९८६ उजाडलं. झुरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेत बेडनॉर्झ आणि म्यूलर यांना ३० केल्व्हिनच्या वर अतिसंवाहक होणारं तांब्याचं ऑक्साइड मिळालं, आणि वर्षभरात त्यांना नोबेल. १९८७ मध्येच वू आणि चू यांच्या गटांनी इट्रियम-बेरियम-तांबं-ऑक्साइडने ९३ केल्व्हिन गाठलं. याचा अर्थ असा की आता द्रवरूप नायट्रोजन पुरणार होता. दुर्मीळ, महाग हेलियमच्या तुलनेत नायट्रोजन म्हणजे हवेतून काढलेला, उद्योगांना टँकरने पोचवला जाणारा स्वस्त वायू. भारतातही त्या वर्षी मोठी धावपळ झाली, बंगळुरूत सी. एन. आर. राव यांचा गट या शर्यतीत पुढे होता.

पण हा पदार्थ म्हणजे कपबशीच्या चिनीमातीसारखा. वाकवला की तडकतो. त्याहून मोठी अडचण आतली होती. शेजारच्या दोन स्फटिककणांची दिशा थोड्याच अंशांनी चुकली, तरी त्यांच्या सीमेवर प्रवाह कोसळतो. उपाय सापडला तो असा: निकेलच्या मिश्रधातूची पातळ पट्टी, तिच्यावर ऑक्साइडचे दिशा लावून देणारे थर, त्यांवर एक-दोन मायक्रॉनचा अतिसंवाहक आणि वर चांदी-तांब्याचं आवरण. म्हणजे किलोमीटरभर पट्टीवर जवळजवळ एकसंध स्फटिक वाढवायचा. हे साधायला वीस वर्षांहून जास्त काळ लागला. अशा पट्टीच्या मोठ्या चुंबकाने २०२१ मध्ये अमेरिकेत २० टेस्ला गाठले.

मधल्या काळात बातम्या येतच राहिल्या. २०१५ मध्ये हायड्रोजन आणि गंधकाच्या संयुगाने २०३ केल्व्हिन गाठलं, पण हवेच्या सुमारे १५ लाख पट दाबाखाली. साध्या खोलीच्या तापमानाला अतिसंवाहक असल्याचा २०२३ मधला एलके-९९ या पदार्थाचा दावा तर काही आठवड्यांतच खोटा ठरला. आणखी एक गैरसमज आपल्याकडचा: ठाण्यातून जाणारी मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन चुंबकावर तरंगणार, हा. तसं नाही. ती रुळांवर चाकांनीच धावेल. अतिसंवाहक चुंबकांवरची गाडी वेगळी. तिने २०१५ मध्ये जपानमधल्या चाचणीत ताशी ६०३ किलोमीटर वेग गाठला.

वाशीहून खाडीपलीकडे ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याशी भाभा अणुसंशोधन केंद्रात नायोबियम-टायटॅनियमची बहुतंतू तार आणि तिची केबल बनवण्याचं तंत्र विकसित झालं. तिथल्या किती तरी कर्मचाऱ्यांची घरं खाडीच्या अलीकडे, नवी मुंबईत आहेत. याच मुंबईत १९९४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गटाने निकेल-बोरॉन-कार्बन असलेल्या संयुगात १२ केल्व्हिनला अतिसंवाहकता शोधली. तो शोध जगभर गाजला, पण त्याची तार झाली नाही.

आज काम अडलंय ते सांध्यांवर. २००८ मध्ये एलएचसीत दोन चुंबकांमधला एक सदोष जोड जळाला आणि यंत्र वर्षभराहून अधिक काळ बंद पडलं. नव्या सिरॅमिक पट्ट्यांचा प्रश्न आणखी नाजूक आहे. त्या एकमेकींना जोडताना सांध्यात किंचित रोध उरतो आणि प्रवाह हळूहळू मंदावतो. सांधाही पूर्ण अतिसंवाहक करायचा, तर ते थर पुन्हा एकाच दिशेने जुळवून ऑक्सिजनमध्ये बराच वेळ तापवावे लागतात.