व्हॉल्व्ह रेडिओ रिस्टोरेशन आणि पार्टच्या व्हॅल्यू तपासणं

व्हॉल्व्ह रेडिओ म्हणजे ट्रान्झिस्टर यायच्या आधीचा सेट, आत काचेचे व्हॉल्व्ह, चालू केला की ते तापेपर्यंत गप्प बसतो आणि मग बोलायला लागतो. असा बंद पडलेला सेट परत वाजता करणं म्हणजे रिस्टोरेशन. कॅबिनेटला पॉलिश मारणं त्यातलं सोपं काम, खरी कटकट चासीच्या (पार्ट बसवलेल्या धातूच्या चौकटीच्या) खालच्या बाजूला.

माळ्यावरून काढला आणि "वाजतोय का बघू" म्हणून थेट प्लग लावला, इथेच बरेच सेट मरतात. फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर इतक्या वर्षांत सुकलेले असतात, त्यातला एखादा शॉर्ट झाला की रेक्टिफायर व्हॉल्व्ह (एसीचा डीसी करणारा) आणि कधीकधी मेन ट्रान्सफॉर्मरपण सोबत घेऊन जातो. म्हणून आधी ६० ते १०० वॉटचा फिलामेंटवाला बल्ब सेटच्या मेन वायरमध्ये सिरीजमध्ये लावायचा, बल्ब उजळून मंद झाला तर ठीक, फुल पेटूनच राहिला तर लगेच बंद करा. एचटी (व्हॉल्व्हना लागणारी हाय व्होल्टेज डीसी सप्लाय) २००-२५० व्होल्टची असते आणि सेट बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये टिकून राहते, हे विसरू नका. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी सेटमध्ये (यूसीएच८१, यूसीएल८२ असे 'यू'वाले व्हॉल्व्ह दिसले की समजा) चासी मेनच्या एका वायरला थेट जोडलेली असते, तिथे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (सेटला मेनपासून वेगळा ठेवणारा) हात घालूच नये.

आता व्हॅल्यू. जुन्या रेझिस्टन्सवर व्हॅल्यू सांगणाऱ्या रंगीत पट्ट्या नसतात कधीकधी, मग अंगाचा रंग पहिला आकडा, टोकाचा दुसरा आणि ठिपका म्हणजे पुढे शून्य किती. हिरवं अंग, काळं टोक, नारिंगी ठिपका म्हणजे ५०,००० ओम. हल्ली ५० के सहज मिळत नाही, ४७ के बिनधास्त टाका, तेव्हाचा टॉलरन्सच (व्हॅल्यूत चालणारा फरक) २० टक्के असायचा. कार्बनचे रेझिस्टन्स वय झालं की बहुतेक वर सरकतात. सर्किटमध्ये मोजताना आजूबाजूचे पार्ट पॅरलल येतात म्हणून रीडिंग कमी दिसू शकतं, पण छापील व्हॅल्यूपेक्षा बरंच जास्त दिसलं आणि आकडा स्थिर राहिला तर तो गेलाच, एक पाय सुटा करून बघायचीपण गरज नाही.

कंडेन्सर मात्र फसवतात. मेणकागदाचा कंडेन्सर मीटरवर बरोबर व्हॅल्यू दाखवतो, लीक (आतून थोडा डीसी करंट गळत) असेल तर उलट जास्तच दाखवतो, आणि लोक खुश होऊन तसाच ठेवतात. मीटर तपासतो थोड्याशा व्होल्टवर, सेटमध्ये त्याच्यावर २०० पडतात. समजा आउटपुट व्हॉल्व्हच्या (स्पीकर चालवणाऱ्या) ग्रिडकडे, म्हणजे करंट कमी-जास्त करणाऱ्या आतल्या जाळीकडे, जाणाऱ्या कपलिंग कंडेन्सरला (आधीच्या व्हॉल्व्हचा आवाज पुढे देऊन डीसी अडवणारा) ५० मेगओमचं लीकेज आहे. साध्या मीटरवर ते दिसणारही नाही कदाचित, पण ग्रिड रेझिस्टन्स अर्धा मेगओम असेल तर ग्रिडवर जवळपास २ व्होल्ट पॉझिटिव्ह येतात. ईएल८४ या आउटपुट व्हॉल्व्हला ग्रिड कॅथोडपेक्षा ७ व्होल्टच्या आसपास निगेटिव्ह लागते, त्यामुळे करंट वाढतो, व्हॉल्व्ह लालबुंद होतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर धोक्यात येतो. म्हणून हा एक कंडेन्सर न तपासताच बदलतात, ०.०५ च्या जागी ०.०४७ मायक्रोफॅरड, ४०० किंवा ६३० व्होल्टचा. नवीन टाकूनही ग्रिड पॉझिटिव्हच राहिली तर व्हॉल्व्ह खराब.

मायकाचे कंडेन्सर सहसा धडधाकट असतात, उगाच काढू नका. आयएफ कॉइलचे (स्टेशनचा सिग्नल ज्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर आणतात तिला ट्यून केलेल्या) स्क्रू तर अजिबात फिरवू नका, ते बहुतेक वेळा जागेवरच असतात, आणि आधी कोणी हौसेने फिरवून ठेवलेले असतील तर मग सिग्नल जनरेटर लागतोच.