मतपत्रिकेच्या तळाशी: अमेरिकेतील स्कूल बोर्ड निवडणुकीची पार्श्वभूमी

अमेरिकेत घर शोधणारे मराठी कुटुंब खोल्या किती हे विचारण्याआधी 'स्कूल डिस्ट्रिक्ट कोणता' हे विचारते. तो डिस्ट्रिक्ट (ठराविक परिसरातल्या सार्वजनिक शाळांचा विभाग) चालवणाऱ्या स्कूल बोर्डावर, म्हणजे शाळा मंडळावर, कोण निवडून येतो आणि शिक्षणाबद्दल त्याची मते काय आहेत, याची चौकशी मात्र क्वचितच होते. दोष एकट्या मतदाराचा नाही. ही निवडणूक लोकांच्या फारशी नजरेत भरू नये अशीच तिची रचना केली गेली, आणि अलीकडे मुखपट्टीपासून ग्रंथालयातल्या पुस्तकांपर्यंत जी भांडणे या बोर्डांत झाली, त्यांची मुळे बऱ्याच अंशी त्या रचनेत आहेत.

सुरुवात मॅसॅच्युसेट्समध्ये झाली. तिथल्या १६४७ च्या कायद्याने पन्नास कुटुंबांच्या गावाला लिहायला-वाचायला शिकवणारा शिक्षक नेमणे आणि शंभर कुटुंबांच्या गावाला ग्रामर स्कूल, म्हणजे पुढच्या शिक्षणाची तयारी करून घेणारी लॅटिन शाळा, काढणे बंधनकारक केले. हेतू धार्मिक होता: माणसाला बायबल स्वतः वाचता आले की तो सैतानाच्या नादी लागणार नाही. शाळेचा कारभार गावसभा पाही. गावे वाढली तशी गावसभेला उसंत मिळेना, आणि १८२६ मध्ये प्रत्येक गावाने शाळांसाठी वेगळी समिती निवडावी असा कायदा त्याच राज्याने केला. अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेखच नाही. विषय राज्यांचा, आणि राज्यांनी तो गावांवर सोपवला. पैसाही मुख्यतः गावाचाच, मालमत्ता करातून आलेला. घराची किंमत आणि शाळेचा खर्च यांची ही गाठ अजून सुटलेली नाही. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या गरीब वस्तीतल्या पालकांनी तिला आव्हान दिले, तेव्हा १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी हस्तक्षेप करायला नकार दिला.

याच निवडणुकीने स्त्रियांसाठी पहिले दार किलकिले केले. केंटकीने १८३८ मध्ये काही करदात्या स्त्रियांना, मुख्यतः विधवांना, शाळेपुरते मत दिले. कॅन्ससने १८६१ मध्ये आणि मॅसॅच्युसेट्सने १८७९ मध्ये हीच वाट धरली. मुलांचे शिक्षण म्हणजे घरकामाचाच विस्तार, तेव्हा एवढे मत द्यायला हरकत नाही, असा तो हिशोब होता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या शहरांत प्रत्येक वॉर्डाचे वेगळे शाळा मंडळ असे. विसाव्या शतकाच्या आरंभी एकट्या फिलाडेल्फियात अशी ४३ मंडळे होती आणि त्यांचे सदस्य पाचशेच्या वर. शिक्षकाच्या नेमणुका, कोळशाची आणि पुस्तकांची कंत्राटे, सगळे स्थानिक पुढाऱ्यांच्या हातात. त्यावर सुधारकांनी उपाय शोधला: वॉर्डाची मंडळे मोडा, शहरासाठी एकच लहान बोर्ड ठेवा, पक्षाचे नाव मतपत्रिकेवरून काढा, इतर निवडणुकांपेक्षा वेगळ्या तारखेला मतदान घ्या, आणि रोजचा कारभार पगारी, प्रशिक्षित सुपरिटेंडेंटकडे, म्हणजे शाळांच्या मुख्य अधिकाऱ्याकडे, द्या. न्यूयॉर्कने १८९६ मध्ये, सेंट लुइसने १८९७ मध्ये आणि फिलाडेल्फियाने १९०५ मध्ये ही दिशा घेतली.

लाचखोरी कमी झाली हे खरेच. पण वॉर्डाबरोबर तिथला स्थलांतरित कामगार आणि त्याचा प्रतिनिधीही बाहेर गेला. १९२७ मध्ये जॉर्ज काउंट्स या अभ्यासकाने बोर्डांची सामाजिक घडण तपासली, तेव्हा व्यापारी आणि वकील-डॉक्टरांसारख्या व्यावसायिकांचेच वर्चस्व दिसले. दरम्यान लहान डिस्ट्रिक्ट एकमेकांत विलीन होत गेले. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला देशात सव्वा लाखाहून अधिक डिस्ट्रिक्ट होते, आज साधारण तेरा हजार आहेत. शेजारी म्हणून ओळखीचा असलेला सदस्य आता हजारो मतदारांना केवळ नावाने माहीत असतो, कित्येकदा नावानेही नाही.

वेगळ्या तारखेच्या, पक्षविरहित मतदानाला लोक फिरकेनात, हे ओघानेच आले. आणि मतदान थोडे असले की संघटित गट, मग तो शिक्षकांची युनियन असो, चर्चमधली मंडळी असोत की करविरोधक, थोड्याशा मतांत निकाल फिरवू शकतो. राजकारण बाहेर ठेवण्यासाठी बांधलेली भिंत अशी ज्याच्याकडे शिडी आहे त्याच्या सोयीची ठरली.

आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहराचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. १९५४ च्या ज्या निकालाने शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरला, त्या खटल्यात प्रतिवादी कॅन्ससमधल्या टोपेका शहराचे बोर्ड ऑफ एज्युकेशनच होते. निकाल दिल्लीसारख्या दूरच्या राजधानीत लागला, अंमलबजावणी मात्र गावोगावच्या बोर्डांवर आली. लिटल रॉकमध्ये १९५७ साली नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना सैन्याच्या पहाऱ्यात शाळेत न्यावे लागले आणि १९५८-५९ चे संपूर्ण वर्ष गव्हर्नर फॉबस यांनी शहरातली सार्वजनिक हायस्कुले बंद ठेवली. डिसेंबर १९५८ मध्ये निवडून आलेले बोर्ड तीन विरुद्ध तीन असे दुभंगले होते. ५ मे १९५९ ला मवाळ गटाचे तिघे बैठकीतून उठून गेले, आणि उरलेल्या तिघा वर्णभेदवाद्यांनी कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांच्या एकत्रीकरणाला अनुकूल असल्याच्या संशयावरून ४४ शिक्षक-कर्मचाऱ्यांचे करार नूतनीकरण न करण्याचे ठरवून टाकले. शाळा बंद राहिल्याचे वर्षभर सोसलेले शहर शिक्षकांच्या हकालपट्टीवर मात्र उसळले. दोन्ही बाजूंनी सदस्यांना परत बोलावण्याच्या, म्हणजे मुदतीआधी मतदानाने पदावरून हटवण्याच्या, याचिका आल्या, २५ मे ला मतदान झाले, वर्णभेदवादी तिघे थोडक्या मतांनी गेले आणि मवाळ तिघे राहिले. ऑगस्टमध्ये हायस्कुले उघडली. गोऱ्या मतदारांतले अनेकजण एकत्रीकरणाच्या बाजूचे नव्हतेच, त्यांना आपल्या मुलांचे शिक्षक परत हवे होते.

पुढे भांडण पाठ्यपुस्तकांत शिरले. वेस्ट व्हर्जिनियाच्या कनावा काउंटीत ॲलिस मूर १९७० मध्ये लैंगिक शिक्षणाला विरोध करून बोर्डावर आल्या. १९७४ मध्ये नव्या भाषाविषयक पुस्तकांवर त्यांनी आक्षेप घेतला, बोर्डाने ३ विरुद्ध २ मतांनी बहुतेक पुस्तके तरीही घेतली, आणि मग पालकांचा बहिष्कार, खाणकामगारांचा संप आणि बोर्डाच्या इमारतीत स्फोट इथपर्यंत गोष्टी गेल्या. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरमध्ये उलटा प्रकार घडला. उत्क्रांतीला पर्याय म्हणून 'इंटेलिजंट डिझाइन'ची (सजीव कोणा बुद्धिमान रचनाकाराने घडवले या मताची) ओळख विद्यार्थ्यांना करून द्यावी असे बोर्डाने २००४ मध्ये ठरवले. नोव्हेंबर २००५ मध्ये आठ जागांसाठी मतदान झाले आणि या धोरणाचे समर्थक आठही जागा हरले. डिसेंबरमध्ये न्यायालयाने धोरण घटनाबाह्य ठरवले, आणि फिर्यादींच्या वकिलांचे दहा लाख डॉलर डिस्ट्रिक्टने, म्हणजे पर्यायाने करदात्यांनी, भरले.

उमेदवाराच्या पत्रकावर राष्ट्रीय वादांची गर्दी असते, पण एकट्या सदस्याला बैठकीतल्या एका मतापलीकडे अधिकार नसतो. अभ्यासक्रमाची मानके आणि परीक्षा राज्य ठरवते. १९६५ च्या केंद्रीय शिक्षण कायद्यापासून वॉशिंग्टनचा पैसा आला, आणि त्याच्यासोबत अटीही. बोर्डाकडे खरे उरते ते सुपरिटेंडेंटची नेमणूक, अंदाजपत्रक, शिक्षकांचे करार, कोणत्या वस्तीतली मुले कोणत्या शाळेत जातील त्या सीमा, आणि कोणती शाळा बंद करायची हा निर्णय. या शेवटच्या दोन गोष्टींवर सभागृह जितके भरते तितके क्वचितच दुसऱ्या कशावर भरत असेल. पत्रकात मात्र त्यांच्याबद्दल ओळही नसते.

निवडणूक हाच उपाय आहे का, यावरही शहरे हेलकावे खात आली. न्यूयॉर्कने १९६९ च्या कायद्याने वस्तीपातळीवरची निवडून आलेली बोर्डे आणली. नागरिक नसलेल्या पालकांनाही तिथे मत होते, तरी मतदान अगदीच नगण्य राहिले आणि २००२ मध्ये कारभार महापौरांकडे गेला. शिकागो उलट दिशेने निघाले: महापौरनियुक्त बोर्डाऐवजी नोव्हेंबर २०२४ मध्ये २१ पैकी १० सदस्य प्रथमच मतदारांनी निवडले. शिक्षक युनियन आणि चार्टर शाळांचे (सरकारी पैशावर पण स्वतंत्र व्यवस्थापनाखाली चालणाऱ्या शाळांचे) पाठीराखे दोघांनीही त्या प्रचारात पैसा ओतला.

त्याच दिवशी फ्लोरिडात वेगळाच प्रश्न मतपत्रिकेवर होता: बोर्डाच्या उमेदवारापुढे पक्षाचे नाव छापावे का? तिथे १९९८ च्या घटनादुरुस्तीपासून ते छापत नाहीत, पण २०२२ मध्ये गव्हर्नर डिसँटिस यांनी बोर्डाच्या उमेदवारांना उघड पाठिंबा दिला होता. पक्षनावाच्या बाजूने सुमारे ५५ टक्के मते पडली. घटनादुरुस्तीला ६० लागतात, त्यामुळे नाव छापले जाणार नाही. पण पक्षाचे राजकारण त्याने थांबेल असे नाही.